नाळेपुढचे न दिसणारे पाणी

बंदरात जहाजे आत-बाहेर नेणाऱ्या पायलटच्या प्रशिक्षणाला येणारे बहुतेक जण समुद्रावर बरीच वर्षे काढून आलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला त्यांना जहाज हाताळण्याची नव्हे, तर दोरशिडीची धास्ती असते. माझेही तसेच झाले. हलत्या बोटीवरून चालत्या जहाजाच्या शिडीला हात घालायचा, आणि जहाजाची बाजू पाण्यापासून 9 मीटरहून उंच असेल तर उरलेली चढण तिरक्या जिन्याने चढायची, हे काही आठवड्यांत अंगवळणी पडले. अजूनही अंगवळणी पडलेले नाही ते ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या उंच कक्षातून, न दिसणारे नाळेपुढचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोरचे, पाणी.

सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ब्रिजवरून झाकले जाणारे हे पाणी जहाजाच्या लांबीची दुप्पट किंवा 500 मीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. याचाच दुसरा अर्थ असा की, डेकवर कंटेनर रचलेले 300 मीटर लांबीचे जहाज सर्व नियम पाळूनही पुढच्या अर्ध्या किलोमीटरबाबत आंधळे असू शकते. 10 नॉट (ताशी सुमारे 18.5 किलोमीटर) वेगाने हे अंतर दीड मिनिटाच्या थोड्या वर वेळात संपते. त्या पट्ट्यात कुणी पाणबुड्या वर आला, तर त्याचे फुटबॉलएवढे डोके मला दिसणार नाही. आणि त्याआधी दुर्बिणीत दिसले तरी उपाय फारसा हाती नसतो. इंजिन उलटे फिरवले की सुकाणूची पकड जाते, नाळ एका बाजूला ओढली जाते आणि अरुंद चॅनेलमध्ये, म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या खोल जलमार्गात, जहाज काठाला लागण्याची भीती उभी राहते. म्हणून ‘दिसल्यावर टाळू’ हा विचार शिकाऊ पायलटने पहिल्याच दिवशी सोडून द्यावा. पाणबुड्यांना वाचवण्याचे काम शिडी चढण्याआधी, चौकशीने होते.

ही गोष्ट मला एका ज्येष्ठ पायलटने शिकवली. आम्ही एक जहाज धक्क्याला लावत होतो आणि शेजारच्या बर्थवरील (धक्क्यावरच्या जागेवरील) जहाजावर ‘अल्फा’ झेंडा फडकत होता. पांढरा-निळा, कडेला खाच असलेला हा झेंडा म्हणजे ‘आमचा पाणबुड्या पाण्यात आहे, दूर राहा, वेग कमी ठेवा’. मी म्हणालो, “सर, तो कालपासूनच आहे, उतरवायला विसरले असतील.” त्यांनी टगांना (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटींना) जहाज आहे तिथेच धरून ठेवायला सांगितले आणि व्हीएचएफ रेडिओवर विचारणा केली. वीस मिनिटांनी उत्तर आले की पाण्यात कुणीही नाही, झेंडा खरोखरच विसरला होता. कॅप्टन वैतागले होते. सर एवढेच म्हणाले, “आज विसरलाय. उद्याचं मला माहीत नाही.” विसरलेला झेंडा मला आजही न लावलेल्या झेंड्याइतकाच घातक वाटतो, कारण तो पाहून पाहून नजर मरते.

थांबण्याचे कारण नवख्याला चटकन कळत नाही, कारण आमचे जहाज त्या जहाजाला लागणार नव्हतेच. पण टगच्या पंख्याचा झोत थेट शेजारच्या जहाजाच्या तळाखाली घुसतो. शिवाय जवळून जाणारे मोठे जहाज पाणी खेचते, बांधलेले जहाज दोरांवर पुढे-मागे सरकते, आणि तळ घासणारा माणूस त्या वेळी जहाज आणि धक्का यांच्या मध्ये असू शकतो. आपल्याच जहाजाखाली काम झाले असेल, तर मुख्य इंजिन, बो थ्रस्टर (नाळ बाजूला ढकलणारा पंखा), सुकाणू आणि समुद्राचे पाणी आत ओढणारे पंप बंद करून त्यांवर पाट्या लावलेल्या असतात. सगळे पाणबुडे मोजून वर आल्याचे स्वतःच्या कानांनी ऐकल्याखेरीज इंजिन सुरू करण्यास होकार देऊ नये.

हौशी स्कूबा डायव्हरांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यापैकी अनेक जण पांढऱ्या तिरक्या पट्ट्याचा लाल झेंडा वापरतात. रात्री पाणबुड्यांच्या बोटीवर उभ्या रेषेत लाल-पांढरा-लाल असे दिवे अपेक्षित असतात. डायव्हरला जहाज ऐकू येते, पण पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे दिशा कळत नाही. तळाशी थांबून जहाज वरून जाऊ द्यावे, हा बेतही चॅनेलमध्ये चालत नाही, कारण मोठ्या जहाजाच्या तळाखाली तिथे कधी कधी दोन मीटरही पाणी उरत नाही, आणि उथळ पाण्यात वेग वाढला की जहाज आणखी खाली बसते.

माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ अधिकाऱ्यांना मी एक दिवस डायव्हरांच्या बोटीतून चॅनेलच्या काठाबाहेर पाठवतो. पाण्याच्या पातळीवरून पाहताना सरळ अंगावर येणारे जहाज बराच वेळ जागचे हललेले दिसत नाही, फक्त मोठे होत जाते. परत आलेला अधिकारी पुढच्या फेरीआधी, कुणी न सांगताच, बंदर नियंत्रण कक्षाला फोन करून पाण्यात कुणी पाणबुडे आहेत का, हे विचारतो.