त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, क्लचचा घोळ असा सुटला

भिशीचे पैसे लागले तेव्हाच ठरवलं की यातून ड्रायव्हिंग क्लास करायचा, घरखर्चाला हात लावायचा नाही. चाळिशी ओलांडलेली म्हणून लर्निंगसाठी फॉर्म १अ वर डॉक्टरांची सही घ्यावी लागली, बाकी सगळं ऑनलाइन झालं. पंधरा दिवस क्लासची गाडी मस्त चालवली आणि घरची गाडी हातात घेतली तर चढावर तीनदा बंद, मागून हॉर्नवर हॉर्न, रडूच आलं. मग कळलं, क्लासच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतो आणि माझा अर्धा क्लच तेच सांभाळत होते!

पुन्हा क्लास म्हणजे पुन्हा पैसे, ते जमणार नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी भावाला शेजारी बसवून मोकळ्या मैदानात फक्त एकच केलं, रेस न देता क्लच हळूहळू सोडायचा, गाडी थरथरली की पाय तिथेच धरायचा. चार रविवार हेच. मग चढावर हँडब्रेक ओढून, थोडी रेस, थरथर जाणवली की हँडब्रेक सोडायचा, गाडी मागे येतच नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते, त्यामुळे घाई केली नाही. क्लास लावणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी सरांना पाय बाजूला ठेवायला सांगा.