पुढचं सस्पेन्शन घरी बदलताय? या चुका टाळा

पावसाळा संपला की जुनी मारुती ८०० किंवा आल्टो पुढून खडखडायला लागते आणि मालक थेट शॉकअपची (शॉक ॲब्सॉर्बरची) जोडी आणतो. पहिली चूक इथेच. शॉकअप गेला असेल तर गाडी झोके खाते, त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजतो. नुसती कटकट बहुतेकदा बुशची (जोडावरच्या रबराची) किंवा बॉल जॉइंटची (चाकाखालच्या गोळीच्या सांध्याची) असते. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ मिळाला तर आधी टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा बघा.

गाडी जॅकवर सोडून खाली हात घालू नका. चेसिसखाली स्टँड हवाच. विटा तर नकोतच, त्या सांगून फुटत नाहीत.

स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब. त्याच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय कधीही सोडू नका. स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल. समोरासमोर स्प्रिंग दाबायचे दोन कॉम्प्रेसर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळा. कॉम्प्रेसर नसेल तर स्ट्रट अख्खा काढून गॅरेजात न्या आणि तेवढंच काम करून घ्या. यात कमीपणा काही नाही. शॉकअपचा दांडा पकडीने धरू नका. चकचकीत थरावर ओरखडा पडला की तो सील कापतो आणि नवा शॉकअपही गळायला लागतो. बंप स्टॉप (दांड्यावरचा धक्का झेलणारा ठोकळा) आणि धुळीचं रबर जोडीनेच बदला, आणि शॉकअपही दोन्ही बाजूंचे.

स्ट्रट सुटला की नकल, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणारा भाग, बाहेर झुकतो. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबू देऊ नका, तारेने बांधा. बाहेर जोरात ओढला तर ॲक्सलचा आतला जॉइंट निखळतो. बॉल जॉइंट नकलमधून निघत नाही म्हणून हातोडा घेण्याआधी आडवा बोल्ट पूर्ण काढला का ते बघा. बऱ्याच गाड्यांत तो जॉइंटच्या खाचेतून जातो, नुसता सैल करून भागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक काम संपता संपता होते. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा. त्याचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. त्यातून जाणारा बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते, बाहेरची आर्मबरोबर फिरते; घसरत काहीच नाही, रबरच पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. मग ‘डुप्लिकेट माल निघाला’ म्हणून दुकानदाराला शिव्या. म्हणून बोल्ट आधी सैलच बसवा. बॉल जॉइंटच्या खाली जॅक लावून गाडी स्टँडवरून जेमतेम सुटेपर्यंत उचला आणि वजन आर्मवर आलं की मगच टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. स्टँड मात्र जागेवरच राहू द्या. बुश बसवताना साबणाचं पाणी चालेल, साधं ग्रीस नको. त्याने रबर फुगतं.

या गाड्यांत स्टॅबिलायझर बारचं (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचं) टोक लोअर आर्ममधूनच जातं. तिथले बुश झिजले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला ओढते. काढतानाच वॉशरच्या दिशेचा फोटो घ्या. स्प्लिट पिन आणि लॉक नट नवेच घाला.

जोडणी झाली की चाकांची अलाइनमेंट करून घ्या, शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. तरीही टकटक राहिली तर आधी बघायच्या जागा दोन: स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला नीट टेकलंय का, आणि माथ्यावरचा नट पूर्ण आवळलाय का.