ठक् आवाज आणि झिजलेली पिन

ब्रेक दाबला की मागून 'ठक्'. ट्रेलरमधला माल सरकतोय असं समजून मी आठवडाभर दोरखंडच आवळत बसलो. शेवटी चाकांखाली ठोकळे लावले, ट्रेलर सोडवला आणि ट्रेलर ओढणारा हूक हातानं वर-खाली हलवून पाहिला. चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा!

सगळा जोड उघडला. पिन मूळची ४० मिलिमीटरची. वर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावला तर मधोमध जेमतेम ३८. बुश (पिन ज्यात बसते ती नळी) एका बाजूनं झिजून अंडाकृती झालेला. ग्रीस आणि मातीच्या थराखाली हे दिसणार कसं? डिझेलनं धुतलं, वायर ब्रशनं रंगही खरवडला (कंटाळवाणं काम, पण टाळू नका). मग भेगा शोधायचा लाल रंग फवारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून वर पांढरा डेव्हलपर (भेगेत मुरलेला रंग वर ओढून दाखवणारा थर) मारला. हूक ज्यावर बसतो त्या माउंटिंग प्लेटच्या कोपऱ्यात केसाएवढी लाल रेघ उमटली. वेल्डिंगवर भागवावं असं क्षणभर वाटलं. पण सगळा ओढा जिथं येतो तिथं डागडुजी नको, म्हणून प्लेट नवीच घेतली.

पिन, बुश, स्प्लिट पिन, लॉक नटही नवे. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनं (आवळायच्या ठरलेल्या जोरानं), तिरके समोरासमोर आवळले. पहिल्या खेपेनंतर पुन्हा रेंच लावला, तर एक बोल्ट अजून पाव फेरा फिरला. ठक् गेली. सेफ्टी चेनचं एक शॅकल (साखळी अडकवायची कडी) मात्र बदलायचं राहिलंय.