रंगीत टेप लावूनही दुखणं जात नाही? या चुका टाळा

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या आसपास बघा, निळ्या-गुलाबी पट्ट्या लावलेले गुडघे सगळीकडे दिसतात, आणि त्यातल्या कित्येक पट्ट्यांची टोकं अर्ध्या वाटेतच सुटून लोंबत असतात. ही किनेसिओ टेप, म्हणजे दुखऱ्या जागी कातडीवर चिकटवायची लवचिक पट्टी, जपानच्या केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात काढलेली, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉल खेळाडू केरी वॉल्शच्या खांद्यावर दिसली आणि तिथून सगळीकडे पसरली.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तेल. आधी बाम चोळायचा, वर स्प्रे मारायचा आणि मग टेप लावायची, आणि संध्याकाळी टेप निघाली की म्हणायचं माल डुप्लिकेट होता. अहो, तेलकट कातडीला काहीच चिकटत नाही, साबणाने धुवा, पूर्ण कोरडी करा, केस फार असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा (ऐनवेळी वस्तरा फिरवू नका, मग आग होते). टेपचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरा पॅन्टच्या कापडात अडकून आधी उचलला जातो. आणि लावल्यावर तळहाताने चांगली घासा, कारण गोंद उष्णतेने धरतो. पळायला निघायच्या पाच मिनिटं आधी नाही, निदान अर्धा-पाऊण तास आधी लावा, घाम सुटला की मग काही खरं नाही.

दुसरी चूक, ताण. लोकांना वाटतं जितकी खेचू तितका आराम. ही टेप ताणली की जवळजवळ दीडपट होते, आणि मागच्या कागदावर चिकटलेली असतानाच ती थोडी ताणलेली असते, म्हणून बऱ्याच वेळा कागद काढून नुसती ठेवली तरी पुरते. दोन्ही टोकांची दोन-तीन बोटं जागा तर अजिबात ताणायची नाही. कागद मधून फाडा, मधला भाग हलका ताणून लावा, टोकं न ताणता नुसती चिकटवा. टोकं ताणली की कातडी ओढली जाते, खाज येते, कधी कधी थेट फोड येतो. तो फोड बघून कुणीतरी सांगतं 'विष बाहेर पडतंय', त्याच्याकडे लक्ष देऊ नका, टेप काढा.

आता ताणाबद्दल रिसर्च काय म्हणतो ते बघा, कारण खरी गंमत इथे आहे. ताणून लावल्यावर कातडीवर ज्या सुरकुत्या पडतात त्यांनीच कातडी उचलली जाते आणि दुखणं कमी होतं असं शिकवलं जायचं. ब्राझीलमध्ये जुन्या कंबरदुखीच्या १४८ लोकांवर २०१४ साली हे तपासलं, निम्म्यांना सुरकुत्या पाडून, निम्म्यांना बिनताणाची टेप, आणि दुखण्यात काहीच फरक नाही! म्हणजे 'सुरकुत्याच पडल्या नाहीत, परत लावा' म्हणून रोलच्या रोल संपवायची गरज नाही. रंगाचंही तेच, काळी टेप जास्त स्ट्राँग वगैरे काही नसतं.

ताकद वाढते म्हणून लावत असाल तर मात्र सरळ पैसे वाया. २०१५ साली ५३० लोकांवरचे १९ अभ्यास एकत्र करून बघितले, स्नायूंच्या ताकदीवर परिणाम नगण्य निघाला. त्याच वर्षीचा दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. ज्यांनी या टेपचं नावही ऐकलं नव्हतं अशा ३० लोकांच्या मांडीला ती 'सेन्सर' म्हणून चिकटवली, म्हणजे मनाचा खेळच नको, आणि ताकद मोजली. खरी टेप, खोटी टेप, बिनटेपचं, तिन्ही सारखंच.

मग अजिबात उपयोग नाही का? तसंही नाही. २००८ च्या एका अभ्यासात खांदा दुखणाऱ्या ४२ तरुणांना टेप लावल्या लावल्या हात न दुखता थोडा जास्त वर नेता आला, पण नंतर तो फायदा टिकला नाही. माझ्या मते टेपचा योग्य वापर तेवढाच, दुखणं जरा कमी वाटतंय तोवर फिजिओने दिलेले व्यायाम उरकून घ्यायचे. लोक नेमकं उलटं करतात, टेप लावतात आणि व्यायाम बंद करतात, मग महिन्याभराने 'टेपने काही झालं नाही बुवा'.

घोटा मुरगळल्यावर सांधा धरून ठेवायला पण हीच टेप लावलेली बघितलीय. ही लवचिक आहे हो, सांधा अडवणार कशी, त्यासाठी न ताणली जाणारी पांढरी टेप किंवा ब्रेस (सांध्याला आधार देणारा पट्टा) वेगळा मिळतो.

काढताना बँडेजसारखी खस्सकन ओढू नका. कडेला बेबी ऑइल लावून थोडं थांबा, एका हाताने कातडी दाबून धरा आणि केसांच्या दिशेने हळूहळू सोलत जा. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि खाज किंवा पुरळ आलं तर त्याच दिवशी काढा, 'इतके पैसे दिलेत' म्हणून सहन करत बसू नका.

जखमेवर, इन्फेक्शन झालेल्या जागी किंवा म्हाताऱ्या माणसांच्या पातळ कातडीवर टेप नकोच, डायबिटीसमुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखतेय, असं असेल तर ते स्नायूचं दुखणं समजून टेप शोधत बसू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, दम लागत असेल तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला.