घाटात चढेल आणि पावसात टिकेल अशी रोडबाइक: घेताना काय बघायचं, नंतर कशी सांभाळायची

रोडबाइक घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला, फ्रेम कार्बन घेऊ की अ‍ॅल्युमिनियम? माझं मत विचाराल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा, कारण आपल्याकडे सायकलवाल्याच्या वाट्याला येतात ते खड्डे, रम्बलर, चार महिने पाऊस आणि पुणे, नाशिक, सातारा कुठूनही निघा, थोड्याच वेळात समोर उभा राहणारा एखादा घाट. तेव्हा आधी साइझ, मग टायर, मग गिअर आणि उरलेल्या पैशात फ्रेम.

साइझच्या बाबतीत दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "सीट खालीवर करून देतो, बसेल तुम्हाला". सीट खालीवर होते हो, पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर सीट हलवून फारसं कमी होत नाही आणि मान, खांदे, मनगटं दुखतात ती त्या अंतरापायीच. ट्राय घेताना दोन्ही हात ब्रेकच्या हुडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) ठेवा, कोपर किंचित वाकलेलं राहायला पाहिजे, हात ताणून काठीसारखे सरळ होत असतील तर ती सायकल तुम्हाला मोठी आहे, सेलमध्ये कितीही स्वस्त मिळत असली तरी. दोन साइझच्या मध्ये अडकलात तर शक्यतो लहान घ्या, कारण लहान सायकलला स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) थोडा लांब लावता येतो, मोठी मात्र लहान करता येत नाही. सीटची उंची काढायची सोपी रीत अशी की पॅडल पूर्ण खाली असताना त्यावर टाच टेकवायची, पाय तेव्हा सरळ व्हायला हवा, म्हणजे चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो.

आता टायर. २३ एमएम रुंदीचे पातळ टायर १०० च्या वर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून पळवायचा जमाना गेला, तरी काही जणांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. आपल्या रस्त्यांना किमान २८ एमएम आणि फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ सुद्धा. घेतानाच विचारून ठेवा की या फ्रेमला जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो, कारण जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकवाल्या (चाकाच्या रिमवर रबर दाबून थांबणाऱ्या) बऱ्याच सायकलींना २५ किंवा फार तर २८ च जातो आणि ते नंतर कळून काही उपयोग नसतो.

गिअरवर थोडं सविस्तर बोलतो कारण इथेच सगळे फसतात. लोक विचारतात "किती गिअर आहेत", खरं तर विचारायचं की सगळ्यात हलका गिअर कोणता आहे. पुढे पॅडलपाशी ५०/३४ चा, म्हणजे ५० आणि ३४ दातांच्या दोन चक्रांचा, कॉम्पॅक्ट क्रँक बहुतेक सायकलींना असतो, फरक मागच्या कॅसेटने (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाने) पडतो. मागे मोठं चक्र २८ दातांचं असेल तर ३४-२८ वर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी ९ किलोमीटरने चढत राहावं लागेल, आणि सिंहगडावर किंवा पसरणीत दमलेल्या पायांना तेवढाही वेग जड जातो. तेच मागे ३४ चं चक्र असेल तर एका फेऱ्यात २.१ मीटर, तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात, गुडघे शाबूत. कॅसेट नंतर बदलता येते पण मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड असेल तर त्याला मोठं चक्र झेपत नाही, मग तोही बदला, चेनही लांब घ्या, खर्च वाढत जातो. म्हणून घेतानाच ३२ किंवा ३४ वाली घ्या. क्लॅरिस ८ स्पीड (म्हणजे मागे आठ चक्रं), सोरा ९, टियाग्रा १० (हा झाला शिमानो कंपनीच्या गिअरसेटचा नेहमीचा हिशोब), यातल्या क्लॅरिसवर लोक आरामात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करतात. साडेतेरा तासांची मुदत असते, त्यात गिअर किती स्पीडचे आहेत याने काही अडत नाही.

ब्रेक डिस्क (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला, म्हणजे रोटरला, पकडणारे) घ्यावे की रिम? पावसात चालवणार असाल तर डिस्क, विषय संपला. रिम ब्रेकच्या रबरात पावसाळी चिखलातली वाळू रुतून बसते आणि प्रत्येक ब्रेकला रिम घासत जाते, ताम्हिणीचा एखादा भिजका उतार उतरून आलात की पॅडमध्ये चमचमणारे अ‍ॅल्युमिनियमचे कण दिसतील, ते टोकदार काहीतरी घेऊन उकरून काढायचे. फक्त कोरड्यात चालवणार असाल तर रिम ब्रेक हलके, स्वस्त आणि कुठल्याही गावात दुरुस्त होणारे. सेकंडहँड घेताना रिमच्या कडेवर बोट फिरवून बघा, आतल्या बाजूला खोलगट लागली तर चाकं बदलायची वेळ झालीय. क्रँक धरून आडवा हलवून बघा, खटखट नको. बिल मागा आणि फ्रेमखालचा नंबर त्याच्याशी जुळवा, याला लाजायचं काही कारण नाही.

आता सांभाळण्याचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे हवा. रोडबाइकच्या ट्यूबमधून हवा थोडी थोडी जातच असते, त्यामुळे आठवड्याला तरी भरा आणि त्यासाठी मीटर असलेला फ्लोअर पंप घरी ठेवा, अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणणं इथे चालत नाही. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरला मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआयच्या आसपास पुरते, वजनाप्रमाणे कमीजास्त करा, फक्त टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. रोडबाइकला बहुतेक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, वरची बारीक पितळी चकती सैल करायची, एकदा दाबून फुस्स करायचं, मग पंप लावायचा. पेट्रोल पंपावरची नळी याला बसत नाही, छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

पंक्चर झालं की लोक घाईघाईने नवी ट्यूब टाकतात आणि दोन किलोमीटरवर परत बसतात, कारण आतला काटा तसाच राहिलेला असतो. टायर बसवताना कंपनीचं नाव कायम व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवा, मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडलं की ते व्हॉल्व्हपासून किती लांब आहे त्यावरून टायरमध्ये नेमकी जागा कळते. तिथे आतून बोट फिरवा, पण हळू, कारण हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये शिरतात आणि बाहेरून दिसतही नाहीत, चिमट्यानेच निघतात. गावाकडच्या रस्त्याला बाभळीचा काटा, तो निदान दिसतो तरी. आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली गेलीय.

चेनचं म्हणाल तर खोबरेल, गाडीचं जुनं इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल हे सगळं लोक घालतात आणि डब्ल्यूडी-४० तर घरोघरी. ते ओल आणि गंज काढायला चांगलं आहे, चेनला वंगण म्हणून टिकत नाही. चेन ल्यूबच घ्या, उन्हाळ्यात ड्राय, पावसाळ्यात वेट. आधी जुन्या बनियनच्या फडक्याने चेन पुसायची, फारच काळी असेल तर डीग्रीझर किंवा डिझेल लावून साफ करून पूर्ण वाळू द्यायची, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, पॅडल उलटं फिरवत. थोडा वेळ थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. हे शेवटचं पुसणं कुणी करत नाही आणि मग बाहेर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटून त्याचा खरबरीत लेप होतो. डिस्कवाल्यांनी स्प्रे वापरूच नका, एक फवारा रोटरवर गेला की पॅड वाया.

चेन झिजली हे डोळ्यांना दिसत नाही, मोजावं लागतं. चेन चेकर नसेल तर इंचाची स्टीलची पट्टी घ्या. नवीन चेनमध्ये एका पिनपासून मोजलं तर बारा इंचांवर बरोबर पिन येते. ती पिन एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेली असेल तर बहुधा कॅसेटही गेली, आणि कॅसेट चेनपेक्षा बरीच महाग असते.

पावसात भिजून आलात की सायकल तशीच बाल्कनीत लावू नका. साध्या पाण्याने धुवा पण प्रेशरचा पाइप बेअरिंगवर मारू नका. सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) टेपने खूण करा, तो बाहेर काढा आणि सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी निघू द्या, कधी कधी आश्चर्य वाटेल इतकं निघतं. मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेत बोल्टच्या डोक्यांना ग्रीसचं बोट लावून ठेवा.

सामानात हेल्मेट आधी. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससीचं (ही युरोप आणि अमेरिकेची सुरक्षा मानकं) लेबल असलेलंच, भुवयांच्या दोन बोटं वर बसणारं, आणि एकदा जोरात आपटलं की बदलायचं, बाहेरून तडा दिसो न दिसो. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं, नवीन लोक हे विचारायला लाजतात आणि मग मांड्या सोलून घेतात. महागडी जर्सी नंतर घ्या, आधी मागचा लाल लाइट घ्या आणि दिवसाही चालू ठेवा.

बाकी चाकाचा आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग), हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं ब्लीडिंग (आतली हवा काढणं) ही कामं मेकॅनिककडेच द्या. सायकल गाडीत टाकून नेताना हायड्रॉलिकवाल्यांनी चाक काढल्यावर ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये पुठ्ठ्याची घडी खोचून ठेवली की काम झालं.