पेटीची साथ हा पेशा करायचा असेल तर

शास्त्रीय संगीतात करिअर म्हटलं की डोळ्यांपुढे गवई येतो. पेटी म्हणजे हार्मोनियम शिकणारी मुलं सोलोची स्वप्नं पाहतात, पाहावीतही. पण आमच्यातल्या बहुतेकांचं पोट भरतं ते साथीवर. या वाटेने येणाऱ्यांना क्लासात सहसा जे सांगत नाहीत, तेवढंच लिहितो.

आधी गाणं शिका. बोटं तयार असलेली मुलं पुष्कळ दिसतात, पण गायक मुखड्याकडे (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे) कधी वळणार हे ज्याला आधी कळतं तो साथीदार. त्यासाठी निदान काही वर्षं ख्यालाची तालीम हवी. शंभरेक प्रचलित बंदिशी पाठ असल्या तर पहिली ओळ ऐकताच पुढची वाट कळते. भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रणांत अप्पा जळगावकरांची पेटी ऐका. एकदा नुसतं गाणं ऐका, मग नुसती पेटी, आणि तिसऱ्यांदा पेटी कुठे गप्प बसली आहे ते ऐका. तिसरं ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं.

नव्या वादकाची खोड म्हणजे भरणं. गायकाने जागा सोडली की तिथे काहीतरी वाजलंच पाहिजे असं वाटतं. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, गायक श्वास घेतो तेवढ्या वेळात शेवटच्या स्वरावर हलकेच थांबून आस (स्वराचा रेंगाळणारा नाद) टिकवली तरी बहुतेकदा पुरतं. द्रुत तान जशीच्या तशी काढायला जाऊ नये. तानेचा आकार आणि ती उतरते तो स्वर पकडावा. गायक ज्या स्वराकडे निघालाय तो आपण आधीच वाजवला, तर त्याचा डाव आपण मोडला. असं दोनदा झालं की तिसरं बोलावणं येत नाही, आणि कारणही कुणी सांगत नाही.

पेटीच्या मर्यादा उघड मान्य केल्या की साथ सुधारते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. नेहमीच्या पेटीचे बारा स्वर समान अंतरावर लावलेले असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). अशाच आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे कित्येक वर्षं टिकली. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) पेटी घडवली खरी, पण तुमच्यापुढे रोज येणार ती साधीच. दरबारी रागातल्या आंदोलित (झुलवत घेतलेल्या) गंधारावर मी भाता हलका करतो आणि पट्टी दाबून धरत नाही. तो स्वर गायकाच्या गळ्यातूनच यायला हवा. भूप रागातल्या लांब गंधारावरही तसंच.

रियाझ सगळ्या पट्ट्यांतून करा, म्हणजे सा वेगवेगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर धरून. पुरुष गायक काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गाणार, स्त्रिया बहुधा काळी चार-पाचच्या आसपास, आणि घसा बसलेला असेल तर कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं पट्टी बदलणार. स्केल चेंजर (पट्ट्यांचा संच सरकवून सा बदलता येणारी पेटी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. परगावी आयोजक जी पेटी पुढे ठेवतील तीच वाजवावी लागते, आणि तिचा एखादा सूर हमखास बोललेला नसतो. स्वतःची न्यायची तर १०-१५ किलोचं ओझं एसटीत चढवायची तयारी ठेवा. पाठ आणि उजवा खांदा यांची काळजी पंचविशीतच घ्यायला लागा, चाळिशीत उशीर होतो.

आता पैसा. मोठे महोत्सव, दिवाळी पहाट, संमेलनं हे सगळं साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. आषाढीला अभंगवाणी, गणपतीत थोडंफार. पितृपक्षात आणि मे-जूनमध्ये डायरी कोरी. म्हणून जवळजवळ प्रत्येक साथीदार शिकवण्या घेतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही परीक्षा शिकवण्यांना उपयोगी पडते, मैफलीत ती कुणी विचारत नाही. आकाशवाणीची ऑडिशन मात्र जरूर द्या. बी, बी हाय, ए, टॉप अशी श्रेणी चढत जाते, आणि आयोजकांशी बोलताना ती कामी येते. संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. वय निघून गेल्यावर हळहळण्यापेक्षा वेळेत अर्ज करा.

मानधनाबद्दल बोलताना आपल्याकडे फार संकोच. ‘किती द्यायचं?’ असं विचारलं की आपण ‘द्या तुम्हाला योग्य वाटेल ते’ म्हणतो आणि मग पाकीट उघडून आठवडाभर कुढतो. आकडा सांगा, प्रवास आणि मुक्काम वेगळा सांगा, आणि मेसेजवर लिहून घ्या. गुरुजींच्या घरची बैठक याला अपवाद, तिथे पैशाचा विषय काढायचा नाही. मोठ्या संस्था टीडीएस (मानधनातूनच आधी घेतला जाणारा कर) कापतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात. माझ्या ओळखीचे कितीतरी वादक ते वर्षानुवर्षं सोडून देतात.

पहिली कामं गायकांकडून येतील अशी वाट पाहू नका. तबल्याच्या क्लासात जा आणि लेहरा धरा, म्हणजे तबल्याला आधार म्हणून एकच धून पुन्हा पुन्हा वाजवा. सोळा मात्रांची एकच ओळ अर्धा-पाऊण तास, लय न हलता, सम (तालाची पहिली मात्रा) न चुकवता वाजवणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि लयीचा असा अभ्यास दुसरीकडे होतही नाही. कथकच्या क्लासांनाही लेहरेदार सतत हवा असतो. परीक्षेच्या दिवसांत तर तबल्याच्या आणि गाण्याच्या परीक्षार्थींना साथीला माणूस मिळत नाही. पैसे थोडे असतात, पण चार गुरूंच्या कानावर तुमचा हात पडतो. मला पहिल्या मैफली अशाच एका तबलजींच्या शिफारशीने मिळाल्या.