ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपला नवे टायर घालताना या चुका टाळा

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाने पूर्वी मिनीव्हॅन घेतली की संसार मार्गी लागला असं समजलं जायचं. आता बऱ्याच घरांसमोर पिकअप दिसतो, आणि मागच्या हिचला (ट्रेलर जोडायच्या जागी) कॅम्पिंगचा ट्रेलर नाहीतर बोट. ट्रेलर घेताना लोक महिना-महिना अभ्यास करतात. पिकअपचे कंपनीचे टायर झिजले की मात्र दुकानात जाऊन 'हाच साइज द्या' म्हणतात आणि अर्ध्या तासात पंधराशे डॉलर मोजून मोकळे होतात. तुमचा पिकअप फक्त ऑफिसला आणि इंडियन ग्रोसरीला जात असेल, तर तेवढं पुरतं. मागे सहा-साडेसहा हजार पौंड असतील तर नाही पुरत.

साइज तोच, म्हणजे टायर तोच असं नाही

फोर्ड एफ-१५० घेऊ. कितीतरी गाड्यांवर कारखान्यातून २७५/६५ आर १८ हा साइज येतो. २७५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची उंची, आणि १८ म्हणजे रिमचे इंच. या आकड्यांत टायर किती वजन पेलतो हे कुठेच येत नाही. ते त्यांच्यानंतर येणाऱ्या लोड इंडेक्समध्ये असतं, आणि तिकडे कोणी बघत नाही.

याच साइजमध्ये बाजारात तीन वेगळे टायर मिळतात. पहिला 'पी', म्हणजे प्रवासी गाडीच्या जातीचा, लोड इंडेक्स ११६. तो ३५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेचा दाब, पौंड प्रति चौरस इंच) २,७५६ पौंड पेलतो. पण 'पी' टायर पिकअपला लावला की ही क्षमता १.१ ने भागायची, असा इथला केंद्रीय नियम आहे. म्हणजे उरले साधारण २,५०५ पौंड. दुसरा 'एलटी', म्हणजे लाइट ट्रकचा, लोड रेंज (टायर किती दाबापर्यंत भरता येतो ते सांगणारं अक्षर) सी, इंडेक्स ११३. तो ५० पीएसआयला २,५३५ पेलतो. तिसरा 'एलटी', लोड रेंज ई, इंडेक्स १२३. त्याची क्षमता ८० पीएसआयला सुमारे ३,४१५ पौंड.

काउंटरवरचा मुलगा 'एलटी आहे, ट्रकचा टायर आहे, बिनधास्त ट्रेलर ओढा' म्हणतो, तेव्हा तो सी दाखवतोय की ई, ते साइडवॉलवर स्वतः वाचा. सी असेल तर पैसे जास्त गेले आणि क्षमतेत पदरात जवळपास काहीच पडलं नाही. 'टेन प्लाय' हा शब्दही तिथे हमखास येतो. भारतात मालवाहू गाड्यांच्या टायरवर '८ पीआर' लिहिलेलं असतं, त्यातलाच हा प्रकार. ई म्हणजे दहा प्लायच्या तोडीची ताकद, आत दहा थर मोजायला गेलात तर सापडणार नाहीत.

'१२३/१२०' असे दोन आकडे दिसले तर पहिला एकेरी चाकाचा. दुसरा मागे दोन-दोन चाकं असलेल्या ड्युअलीसाठी.

एलटी टायरमध्ये जुन्या टायरची हवा

सगळ्यांत जास्त घडणारी आणि सगळ्यांत कमी कळणारी चूक ही आहे. कोणीतरी जाणीवपूर्वक ई रेंजचे टायर घेतो. दुकानदार ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर बघतो, तिथे ३५ पीएसआय लिहिलेलं असतं, आणि तो ३५ भरून देतो. त्याचंही चुकत नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. पण ते स्टिकर कारखान्यातून आलेल्या 'पी' टायरसाठी आहे.

वजन पेलते ती हवा. टायर फक्त ती हवा धरून ठेवणारं भांडं. एलटी टायर जाड, त्याला तेवढंच वजन पेलायला जास्त दाब लागतो. एकाच साइजच्या एलटीमध्ये सी असो वा ई, ५० पीएसआयला दोघेही २,५३५ पौंडच पेलतात. ई फक्त त्याच्यापुढे ८० पर्यंत भरता येतो. म्हणजे तुमच्या जुन्या 'पी' टायरची ३५ ला जी क्षमता होती, ती गाठायलाच नव्या एलटीत ५० च्या आसपास हवा हवी. ३५ वर ठेवलात तर दणकट म्हणून घेतलेला महागडा टायर जुन्यापेक्षा कमी वजन पेलतोय, आणि वर जाड असल्यामुळे जास्त तापतोय.

यात एक छुपी अडचण आहे. डॅशबोर्डवरचा कमी हवेचा दिवा स्टिकरवरच्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर लागावा, असा नियम आहे. ३५ चं स्टिकर असेल तर दिवा २६ च्या आसपास लागेल. तुम्ही ५५ भरलेत, खिळा लागून ते ३० वर आलं, तरी डॅशबोर्ड गप्प. मागे ट्रेलर, बाहेर टेक्सासचा जुलै, आणि दिवा म्हणतोय सगळं आलबेल. बऱ्याच गाड्यांत ही मर्यादा डीलरकडून किंवा स्कॅन टूलने बदलून घेता येते. ते होत नसेल तर प्रत्येक टायरचा दाब आकड्यात दाखवणारी स्क्रीन उघडी ठेवून गाडी चालवा आणि दिव्याचा भरवसा सोडा.

हा दिवा आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. २००० साली फोर्ड एक्सप्लोररवरच्या फायरस्टोन टायरचा पट्टा सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, आणि जवळपास ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. फोर्डने त्या गाडीला २६ पीएसआय सांगितले होते, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवेत. दोष टायरचा की गाडीचा, हा वाद पुढे बराच चालला. कमी हवा, वजन आणि उन्हाळ्यातला वेग एकत्र आले की टायर आतून शिजतो, एवढं मात्र त्यातून सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा केला, आणि त्यातून हवेचा दिवा हलक्या गाड्यांना सक्तीचा झाला.

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. दोन तास ट्रेलर ओढून रेस्ट एरियात थांबल्यावर आकडा पाच-सहाने वर गेलेला दिसेल. तो वाढणारच. घाबरून हवा सोडू नका.

ई रेंजची गरज आहे का?

इथे माझं मत दुकानदारांना पटत नाही. उदाहरण घेऊ: ६,५०० पौंडांचा भरलेला ट्रेलर, त्याच्या बारा-साडेबारा टक्के टंग वेट, म्हणजे हिचवर ८०० पौंड. हिचचा बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण पाच फूट मागे असतो आणि क्रू कॅबचा व्हीलबेस १४५ इंच. त्या लिव्हरमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर ८०० नाही, ११३० च्या आसपास पौंड येतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून ३३० उचलले जातात. (वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली तर यातला काही भाग पुढे परत जातो.) रिकाम्या गाडीचे मागचे सुमारे २,१०० धरा. मागच्या सीटवर मुलं, बेडमध्ये कूलर, सायकली, जनरेटर मिळून आणखी ४००. एकूण साडेतीन हजारांच्या वर. अशा गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा ३,८०० च्या आसपास लिहिलेली सापडते.

आता भागा: प्रत्येक मागच्या टायरवर १,८०० च्या थोडं वर. 'पी' टायरची घटवलेली क्षमता २,५०५. म्हणजे निव्वळ वजनासाठी 'पी' टायरही पुरतो. आधी संपतो तो पेलोड (गाडीवर एकूण किती वजन घालता येतं ते), जो दाराच्या पिवळ्या स्टिकरवर लिहिलेला असतो. ई रेंजचे टायर घातले म्हणून तो एका पौंडाने वाढत नाही. अ‍ॅक्सल, स्प्रिंग, ब्रेक सगळं तेच असतं. 'टायर बदलले, आता आठ हजारांचा ट्रेलर चालेल' हे गणित कुठल्याच बाजूने जमत नाही.

मग ई का घ्यायचा? साइडवॉलच्या ताठपणासाठी. बाजूने अठरा चाकी गेली की 'पी' टायरची मऊ साइडवॉल लचकते आणि ट्रेलर गाडीला हलवतो. ई त्यात खरंच फरक पाडतो. बदल्यात गाडी रोज थोडी आपटते, टायर जड असल्यामुळे पेट्रोल जरा जास्त जातं आणि ओल्या रस्त्यावर काही ई टायरची पकड तितकी चांगली नसते. महिन्यातून दोनदा ट्रेलर ओढत असाल तर घ्या. वर्षातून दोनदा राज्य उद्यानापर्यंतच जायचं असेल, तर चांगल्या कंपनीचा 'पी' किंवा एक्सएल (एक्स्ट्रा लोड) टायर आणि नीट लावलेली हिच पुरे.

तीनचतुर्थांश टनाच्या गाड्यांना हे लागू नाही. एफ-२५० किंवा रॅम २५०० च्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा सहा हजारांच्या वर असते. तिथे ईच. जुनी २५०० विकत घेतलीत आणि आधीच्या मालकाने पैसे वाचवायला साधे टायर घातलेले दिसले, तर ट्रेलर जोडायच्या आधी ते काढा.

अंदाज नको असेल तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) ट्रेलरसकट गाडी न्या. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर, तिन्ही वजनं वेगवेगळी छापून मिळतात.

मोठा टायर म्हणजे जास्त ताकद?

एफ-२५० वर २० इंची रिमसोबत एलटी २७५/६५ आर २० ई येतो. इंडेक्स १२६, क्षमता ३,७५० पौंड. त्याच रिमवर लोक हौसेने ३५x१२.५० आर २० ई चढवतात. दिसायला राक्षसी. इंडेक्स १२१, क्षमता ६५ पीएसआयला ३,१९५ पौंड. टायर रुंद झाला, उंच झाला, आणि अ‍ॅक्सलमागे अकराशे पौंड क्षमता गेली. हाच साइज लोड रेंज एफमध्ये घेतला तर बराचसा फरक भरून निघतो, पण त्याला ८० पीएसआय सहन करणारा रिमही लागतो. रिमच्या आतल्या बाजूला त्याचं कमाल वजन कोरलेलं असतं, ते टायर चढवण्याआधी बघा.

दुसरा फटका गिअरला. एफ-१५० चा मूळ टायर ३२.१ इंची, त्या जागी ३५ इंची आला की नऊ टक्के उंची वाढली. ३.५५ गिअर रेशोचा रिअर अ‍ॅक्सल आता ३.२६ सारखा वागतो, म्हणजे ओढण्याची ताकद घटली. चढावर ट्रान्समिशन सारखं वर-खाली करायला लागतं आणि तापतं. डायल ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६५ वर असता. स्पीडोमीटर कॅलिब्रेट करता येतो, गिअर मात्र बदलावे लागतात आणि ते काम हजारांत जातं.

हिचसुद्धा दीड इंच वर जाते. ट्रेलरचं नाक वर झालं की टंग वेट कमी होतं, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये मागच्या चाकांवर जास्त भार येतो आणि डुलणं वाढतं. बॉल माउंट खाली घेतल्याशिवाय निघू नका. ओढण्यासाठीच गाडी असेल तर मूळ उंचीच्या तीन टक्क्यांच्या आत राहा.

स्पेअर विसरू नका. चार नवे मोठे आणि पाचवा जुना छोटा, असं फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालवलं तर डिफरेन्शियल आणि ट्रान्सफर केस घासतात.

ट्रेलरचे टायर पिकअपच्या हिशेबाने

ट्रेलरला 'एसटी' (स्पेशल ट्रेलर) टायर लागतात. एसटी २२५/७५ आर १५ खूप ठिकाणी दिसतो. ते पिकअपला कधीच लावायचे नाहीत. ट्रेलरला त्यांच्यावरच लिहिलेली कमाल हवा, थंड असताना, भरायची. ज्यावर वेगाचं अक्षर नाही, तो जुन्या पद्धतीने ६५ मैलांचाच समजा. टेक्सासमधल्या ७५ च्या रस्त्यावर डाव्या लेनमध्ये ट्रेलर घेऊन पळणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

हे टायर झिजून नाही, उभे राहून मरतात. ट्रेड कोरा दिसतो आणि आतला रबर वाळलेला असतो. साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. नवे घेतानाही तो कोड बघा, गोदामात पडून राहिलेला माल खपवला जातो.

नवे टायर घातले आणि काहीतरी बिघडलं

गाडी ट्रेलरसह डुलते: आधी मागच्या टायरची हवा बघा, मग टंग वेट. अगदी नवे टायर पहिले काहीशे मैल थोडे लचकतात, म्हणून लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका.

स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घासल्याचा आवाज येतो: टायर रुंद आहे किंवा रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) चुकला आहे. रिकाम्या गाडीत आवाज येत नसेल तरी ट्रेलर जोडून, वळून बघा.

रिकाम्या गाडीत मागचे टायर मधोमध झिजतात: ट्रेलरसाठी भरलेली जास्त हवा नंतर उतरवली नाही. दोन आकडे ठरवा, एक ट्रेलरचा आणि एक रोजचा, आणि ते ग्लव्ह बॉक्समध्ये कागदावर लिहून ठेवा.

ट्रेलर ओढताना चाकातून टकटक येते: थांबा आणि नट बघा. चाक बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी नट पुन्हा टॉर्क करायचे असतात. नव्या एफ-१५० ला १५० फूट-पौंड लागतात. चाळीस-पन्नास डॉलरचा टॉर्क रेंच गाडीत ठेवा, दुकानातल्या इम्पॅक्ट गनचा अंदाज ट्रेलरच्या वजनाखाली टिकेलच असं नाही.